पाणमांजरांची जाहीर सभा

आमच्या आत्याला संध्याकाळी नदीत पाणमांजर दिसलं नाही, तर ती त्या रात्री घरात झोपत नसे.

एवढी एक गोष्ट सोडली तर आमचं घराणं पूर्णपणे विज्ञाननिष्ठ होतं. बाबांचा निलंग्याला एका खोलीचा छापखाना होता. लग्नसराईत पत्रिका छापायच्या आणि बाकीचे दिवस पत्रकं. नवस, अंगात येणं, हुंडा, नळाला न येणारं पाणी, शिक्षणाचा बाजार. ज्याच्यावर आमचं पत्रक निघालं नाही असा अन्याय तालुक्यात उरला नव्हता. (अन्याय होते तसेच होते. पण प्रत्येकाचा जाहीर निषेध झालेला होता.) माझं नाव क्रांती. वर्गातल्या मुली ‘कमळ बघ’ वाचत होत्या तेव्हा मी ‘धिक्कार’ जोडाक्षरासकट वाचत होते, आणि त्याचा मला फार गर्व होता.

बाबांची सख्खी मोठी बहीण मात्र तेरणेच्या काठावर पत्र्याच्या खोलीत राहायची आणि रोज दिवस मावळताना पडलेल्या घाटाच्या दगडांकडे बघत बसायची. तिथल्या कपारीतून पाणमांजरांचं कुटुंब बाहेर आलं, शिट्ट्या मारत पाण्यात उतरलं, की आत्या म्हणायची, “आलं बाई,” आणि अंथरूण आत टाकायची. नाही आलं, की बाज अंगणात. मग थंडी असो की पाऊस. पावसात ती अंगावर ताडपत्री ओढून घ्यायची आणि सकाळी शिंकत उठायची. पण उठायची, हे तिच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं.

कारण भूकंपाच्या साली, गणपतीच्या दिवसांत, तिला पाणमांजरं दिसेनाशी झाली होती. तेव्हा गाव नदीकाठीच होतं. तिला ते बरं वाटेना. गाव गणपती बुडवून परत आलं त्या रात्री तिनं बाज अंगणात ओढली. आतोबा दारात उभे राहून हसले. “मांजराचं ऐकून बाहेर झोपू का मी?” म्हणाले, आणि आत गेले. पहाटे घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आत्या अंगणात उभी होती आणि समोर घर नव्हतं.

यावर विज्ञाननिष्ठ घराण्यानं काय बोलावं? बाबांनी पत्रक काढलं: ‘प्राण्यांना भूकंप आधी कळतो हा निव्वळ भ्रम’. ते गावात वाटायला गेले की लोक पत्रक हातात घेऊन, उलटसुलट करून, फार प्रेमानं विचारायचे, “छापखानेवाले, अक्काला वाचून दाखवलं का?”

गाव पुढं वर माळावर गेलं. सरकारनं ओळीनं स्लॅबची घरं बांधली. आत्याच्या वाट्यालाही एक आलं. ती एकदा आत गेली, वर बघितलं आणि बाहेर आली. “मातीखालून वाचले, आता शिमिटाखाली घालता का?” म्हणाली, आणि नदीकाठी जुन्या गावाशेजारी पत्र्याची खोली टाकून राहिली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, असं तिचं म्हणणं. त्यातही खात्री म्हणून पाणमांजरं.

ही गोष्ट भूकंपानंतर काही वर्षांनंतरची. मी तेव्हा लातूरला बारावी रिपीट करत होते. लातूरला त्या काळात दर गल्लीत एक क्लास आणि दर भिंतीवर एक टॉपर उगवत होता. आम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना सगळे ‘बायोचे सर’ म्हणायचे. त्यांचं नाव विचारायला कुणाला वेळ नव्हता. सस्तन प्राण्यांची लक्षणं मला झोपेतून उठवून विचारली तरी येत होती. सस्तन प्राणी मी एकच बघितला होता, तो मेसच्या दारात पडलेला असायचा आणि आमच्या पोळ्या त्यालाही चावता यायच्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा म्हणाले, “अक्काकडं जा राहायला. तिला समजाव जरा. तू बायोलॉजीची आहेस.”

मी पेटून उठले. (आमच्या घरात साधं उठण्याची पद्धत नव्हती.) एका स्त्रीला अंधश्रद्धेच्या बेड्यांतून मुक्त करायचं होतं, तेही दिवाळीचा फराळ खात. याहून चांगली क्रांती कुणाच्या वाट्याला येते?

पहिल्याच संध्याकाळी पाणमांजरं आली. पाण्यात आधी एक चपटं डोकं, मग दुसरं, मग दोन बारकी. मोठ्या मादीनं मासा धरला आणि दगडावर चढून डोक्याकडून खायला सुरुवात केली. हाडं मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. पिल्लं तिच्या शेपटीवर चढत होती आणि घसरून पाण्यात पडत होती.

“मॅमेलिया,” मी म्हणाले. “कार्निव्होरा. मस्टेलिडी.”

“कुणाला म्हणती?”

“त्यांना. त्यांचं नाव आहे ते.”

“आसंल,” आत्या म्हणाली. “ती म्हातारी हाय. ते तिच्यामागं, ते मागल्या सालचं. आन ते दोन बारके लई वांड. चल, अंथरूण आत घे.”

दुसऱ्या दिवसापासून मी सगळीकडे बघत हिंडले. जुनं गाव पडलं ते पडलंच होतं. पण त्याचं पुनर्वसन झालेलं होतं. माजी सरपंचांच्या ढिगाऱ्यात साळिंदर राहायचं. शाळेच्या खोलीत खोकडीचा संसार होता. चावडीमागं रानडुकरं, पारावर वानरं, आणि एक मुंगूस रोज सकाळी आत्याच्या अंगणातून असं जायचं की जणू अंगण त्याचं आणि आत्या भाडेकरू. अर्ज नाही, पंचनामा नाही, यादीत नाव नाही. ज्याला जे घर आवडलं ते त्यानं घेतलं होतं. तिकडं माळावर दोन भावांत एक घर आणि एका भावाच्या नावावर दोन घरं, हा घोळ अजून निस्तरत होता.

पण माझं लक्ष पाणमांजरांवर होतं. ज्या दिवशी वाळूचा ट्रॅक्टर टेप वाजवत नदीत उतरला, त्या दिवशी ती आली नाहीत. आत्यानं बाज बाहेर काढली. भूकंप झाला नाही. पलीकडच्या गावाची वरात बँड लावून नदीतून गेली, त्या दिवशीही आली नाहीत. भूकंप झाला नाही. आणि मला एकदम सगळं दिसलं. त्या साली गणपतीत रोज कुणाचा ना कुणाचा गणपती नदीवर येत होता. रोज ढोल, रोज लेझीम, रोज गर्दी. पाणमांजरं भूकंपाला भिऊन गेली नव्हती. माणसांना भिऊन गेली होती!

मी धावत घरात गेले. आत्या भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

“म्हंजी ढोलामुळं गेले.”

“ढोलामुळं.”

“आन मी अंगणात झोपले ते?”

“योगायोग.”

“आन हे आत झोपले ते?”

क्लासमध्ये प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असायचे. इथं एकही नव्हता. आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“बरं,” ती म्हणाली. “योगायोग तर योगायोग. ते आले का बघ आधी.”

“आत्या, हे छापायला पाहिजे. सगळ्या गावाचे डोळे उघडतील.”

“माझ्यावर छाप काय छापायचं ते. त्येंच्यावर नको छापू. त्येंनी कुणाचं काय घोडं मारलंय?”

मला वाटलं, हा तिचा संकोच. जनता जे बोलते त्याच्या बरोबर उलट तिला हवं असतं, हे मी लहानपणापासून पत्रकांतच वाचलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी निलंग्याला जाऊन पत्रक लिहिलं. मथळा: ‘पाणमांजर, भूकंप आणि तुमची झोप’. मजकूर धारदार होता. त्यातलं मुख्य वाक्य बाबांनी ठळक खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या जाड अक्षरांत, घेतलं: ‘पाणमांजर हा अत्यंत लाजाळू प्राणी असून गर्दी व गोंगाट होताच तो जागा सोडून जातो.’ पण नुसतं सांगून भागत नाही. विज्ञान म्हणजे पडताळणी. म्हणून मी पुढं लिहिलं, ‘आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळून पाहा,’ आणि खाली ठिकाण दिलं, पडलेला घाट, आणि वेळ दिली, रविवारी दिवस मावळताना.

आता आमच्या छापखान्याची एक रीत सांगायला हवी. बाबा एकेक खिळा जुळवून मजकूर बांधायचे आणि छपाई झाली की खिळे सोडवून परत खणात टाकायचे. एक ओळ मात्र ते कधीच सोडवत नसत. ती जाड खिळ्यांत, सुतळीनं बांधून कायमची तयार असायची, कारण ती लग्नालाही लागायची, मोर्चालाही आणि तेराव्यालाही. ठिकाण आणि वेळ आली, की खाली ती ओळ बसवायची. हात आपोआप जायचा.

मशीन चालवणारे रशीदचाचा बाबांचे जुने मित्र. पहिला कागद निघाला तो त्यांनी उजेडात धरला.

“क्या लिखी बेटी,” ते म्हणाले. “पढके आदमी सुधर जाना.”

बाबांनी चष्मा लावून वाचलं. ‘अत्यंत’ ठेवावं की ‘अतिशय’ करावं यावर ते बराच वेळ घुटमळले आणि शेवटी ‘अत्यंत’वर स्थिर झाले. मग मी वाचलं. वर होतं: गर्दी होताच तो जागा सोडून जातो. खाली होतं: तरी सदर ठिकाणी बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.

तिघांनी वाचलं. तिघांनाही ते छान वाटलं. मला तर वाटलं, त्या ओळीशिवाय पत्रक कसं पोरकं दिसलं असतं.

निलंग्याच्या बसस्थानकावर वाटलं, माळावर घरोघर टाकलं, आणि एक गठ्ठा माझ्या मैत्रिणीबरोबर लातूरला क्लासच्या गेटवर पाठवला. घोकंपट्टीनं मेलेल्या त्या व्यवस्थेच्या तोंडावर मला जिवंत विज्ञान फेकायचं होतं.

व्यवस्थेनं ते झेललं. रविवारी दुपारी दोन ट्रॅव्हल्स भरून क्लास आला. गाडीवर कापडी फलक होता: ‘चला, सस्तन प्राणी शिकू या’. बायोच्या सरांच्या हातात माईक, मागं एका पोराच्या खांद्यावर कर्णा. किल्लारीकडून काळ्यापिवळ्या जीपा आल्या. माळावरचं सगळं गाव खाली उतरलं. भूकंपानंतर एवढी माणसं त्या जागी पहिल्यांदाच आली होती आणि बरेच जण आपलं घर कुठं होतं ते एकमेकांना दाखवत होते. भेळवाला आला. फुगेवाला आला. रशीदचाचा बिर्याणीचं पातेलं आणि सगळं खानदान घेऊन आले आणि मला म्हणाले, “बेटी, तू बुलाई तो कैसे नै आते?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा गर्दीकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी बहुसंख्येनं उपस्थित राहायला सांगितलं होतं आणि पहिल्यांदाच कुणी तरी ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले, सरांकडून माईक घेतला आणि म्हणाले, “मित्रहो, पाणमांजर हा लाजाळू प्राणी आहे.” कर्ण्यातून ते पार पलीकडच्या गावात ऐकू गेलं.

मग सरांनी माईक परत घेतला. “रिपीटर बॅच घाटाकडं. फ्रेशर बॅच बाभळीकडं. प्राणी दिसला की लक्षणं लिहायला सुरुवात करा.”

“सर, हे पेपरला येतंय का?”

“येऊ शकतं.”

पोरं घाटाच्या दगडांवर चढली. कपारीत वाकून बघू लागली. एकानं आत बॅटरी मारली. दुसऱ्यानं काठी घातली. मी ओरडत पळाले, पण माझ्या हातात माईक नव्हता.

“सर, काहीच दिसत नाही.”

“थांबा. निरीक्षण म्हणजे संयम.”

“सर, ते बघा, पाण्यात. काळं काहीतरी.”

सगळी गर्दी तिकडं लोटली. मग कुणीतरी म्हणालं, “म्हैस हाय.”

“म्हैस सस्तन आहे का सर?”

सरांनी क्षणभर विचार केला. पोरांना रिकाम्या हातानं लातूरला नेणं त्यांना शक्य नव्हतं. “आहे,” ते म्हणाले. “लिहा.”

दोन ट्रॅव्हल्स भरून पोरांनी म्हैस लिहून घेतली.

या सगळ्यात आत्या आपल्या रोजच्या जागी बसून होती. तिच्यासमोर नुसत्या पाठी होत्या. ती कधी या पाठीच्या बाजूनं, कधी त्या पाठीच्या बाजूनं नदीकडं बघायचा प्रयत्न करत होती. एक पोरगा मागं वळून म्हणाला, “मावशी, जरा सरकता का, ग्रुप फोटो घेतोय.” ती सरकली. दिवस मावळला. ती उठली, आत गेली आणि बाज घेऊन बाहेर आली. गर्दीतून बाज काढायला जागा नव्हती, म्हणून तिला दोन-तीनदा म्हणावं लागलं, “वाट द्या बाबांनो.”

जाताना सरांनी माझा हात हातात घेतला. “क्रांती, एक्सलंट स्पॉट. दर बॅचला ठेवू.”

पाणमांजरं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मादी पिल्लांना घेऊन कुठं गेली, कुणाला कळलं नाही. गर्दी व गोंगाट होताच तो जागा सोडून जातो: माझा सिद्धांत इतक्या कमी वेळात इतका पूर्णपणे सिद्ध झाला, की कोणत्याही शास्त्रज्ञानं हेवा करावा.

माळावर मात्र वेगळाच निष्कर्ष निघाला. पाणमांजरं गेली; आता हादरणार. एकेका घरातून बाजा, गाद्या, लेकरं, टीव्ही बाहेर आले. स्लॅबची घरं कुलपं लावून रिकामी आणि सगळं गाव रस्त्यावर. आजवर एकटी आत्या बाहेर झोपत होती. आमच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकानं पाच आळ्या बाहेर काढल्या.

बाबा त्यांना समजवायला गेले. “अहो, प्राण्यांना काही कळत नसतं. ते गर्दीमुळं गेले.”

“छापखानेवाले,” एक म्हातारा गादीवरून म्हणाला, “एवढी वर्सं तुमी सांगून राहिले, आमी कव्हा आलो का गर्दी करायला? ह्याच टायमाला कामून आलो? कुणीतरी आणलं म्हून आलो. इशारा हाय हा.”

बाबा घरी आले आणि जेवले नाहीत.

गाव कंटाळून आठवड्याभरात आत गेलं. भूकंप झाला नाही, याचं श्रेय त्यांनी बाहेर झोपण्याला दिलं. पण क्लास येत राहिला. दर रविवारी नवी बॅच. सरांनी जाहिरातीचं पत्रक काढलं, त्यावर पाणमांजराचं चित्र, खाली ‘निसर्गाच्या सान्निध्यात बायोलॉजी’. ते छापायला आमच्याकडंच आलं.

मी म्हणाले, “बाबा, आपण शिक्षणाच्या बाजारावर तीन पत्रकं काढलीत.”

“हे शैक्षणिक आहे,” बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले. त्यांनी मजकूर बांधला. ठिकाण आलं, वेळ आली, आणि मी बघत असताना त्यांचा हात सुतळीच्या ओळीकडं गेला. मधेच थांबला. मग त्यांनी ती ओळ उचलून बसवली.

मी थंडीत पुन्हा आत्याकडं गेले. क्लास सोडून दिला होता. (क्लासला ते अजून कळलेलं नसावं.) आत्या आता रोजच बाहेर झोपत होती. दिवस मावळताना अजूनही बसायची, घाटाकडं बघायची. दगडांवर भेळीचे कागद असायचे. आतलं अंथरूण तिनं गुंडाळून पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिलं होतं. तिला खोकला झाला होता.

“आत्या, आत चल. मी आहे ना.”

“तुला कळतंय का, कव्हा हादरणार ते?”

“नाही.”

“मंग?”

मी तिची बाज नीट करायला गेले. वाकळेखाली हात घातला तर कागद. पानावर पान, जाड थर. माझ्या पत्रकांचा उरलेला सगळा गठ्ठा तिनं बाजेवर अंथरला होता.

“खालून गारठा येत होता,” ती म्हणाली. “आता न्हाई येत. कागुद भारी वापरतो गं तुझा बाप.”

मी माझी बाज तिच्या शेजारी ओढली. नदीवर कसलाच आवाज नव्हता.

“त्यात शेवटाला काय लिवलंय?” आत्यानं विचारलं. “जाड अक्षरात हाय ते.”

मी वाचून दाखवलं: सदर ठिकाणी बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.

“मंग आलो की आपुन,” ती म्हणाली आणि वाकळ तोंडावर ओढून घेतली.

आमच्या घराण्याच्या आजवरच्या सगळ्या पत्रकांत जनतेच्या प्रत्यक्ष उपयोगी पडलेलं हे पहिलंच. सभेला उपस्थिती दोन. त्यातली एक पत्रकावर झोपलेली, आणि दुसरी ते लिहिणारी.